खारट की गोड?

आमचे बोटवाले काका मूळचे मिरजेचे. समुद्राशी त्यांचा संबंध मिठापुरता. नोकरीत हयात गेली ती इंग्लंडात पोर्ट्समथजवळ, आणि निवृत्तीनंतर लोक बाग करतात तेव्हा काकांनी बोट घेतली. वेस्टर्ली सेंटॉर, १९७४ सालची, २६ फुटी. ती बांधली वॉटरलूव्हिलला, आणि गंमत म्हणजे तिथेही समुद्र नाही. पत्रिका जुळली ती तिथेच.

किंमत? १ पौंड.

“एवढ्या स्वस्तात कोण देतं हो?” मी विचारलं.

“लाकडी बोट कुजते, लोखंडी गंजते. फायबरची मरतच नाही!” काका म्हणाले. “मालक थकतो, ती तशीच उभी. मोडीत काढायची तर वर आपणच पैसे मोजायचे. मग देतात उजवून.”

१९६९ पासून दहा-अकरा वर्षांत अशा २,४०० हून जास्त सेंटॉर बांधल्या गेल्या. फायबर तेव्हा नवं होतं. किती जाड थापावं याचा नेमका अंदाज नसल्याने भरपूर थापलं, असं काका सांगतात. धिरड्याबद्दल बोलावं तसं. ओहोटीला ही बोट आपल्या दोन फताड्या पायांवर चिखलात उभी राहते, थेट डोहातल्या म्हशीसारखी. हे मी एकदा बोललो, आणि पंधरा दिवस बोलावणं आलं नाही.

बोलावणं असतं चहाचं. गेलं की हातात पॉलिशपेपर येतो. फायबरची भुकटी अंगाला लागली की खाजकुइली बरी वाटते. संध्याकाळी मी खाजवत घरी, आणि चहा राहिलेलाच.

पहिल्याच वर्षी तळाला फोड आले. या दुखण्याचं नाव ऑस्मोसिस. पाणी वरच्या गुळगुळीत थरातून हळूहळू आत मुरतं, रेझिनमधल्या काही द्रव्यांशी त्याचं बिनसतं, आणि आंबट द्रवाने भरलेले फोड उठतात. काकांनी एक फोडून माझ्या नाकाखाली धरला. चक्क व्हिनेगरचा वास! “बघितलंस?” म्हणाले. नातवाचा पहिला दात दाखवावा असा चेहरा.

इलाज असा की वरचा थर सोलायचा, तळ गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग इपॉक्सीचे हात द्यायचे. वाळायला महिनोन्‌महिने लागतात, आणि हे वाळवण इंग्लंडच्या हवेत. काका ओलावा मोजायचं यंत्र घेऊन रोज रक्तदाब तपासावा तसे तळाला लावत फिरायचे. आकडा वहीत. त्याच वहीत यार्डाचं भाडंही असायचं, पण ते पान काकूंसमोर उघडत नसे.

काकूंचा राग मात्र पैशांवर नव्हता, वाट्यांवर होता. रेझिन आणि हार्डनर पाचास एक या प्रमाणात मोजायला त्यांच्या मापाच्या वाट्या गेल्या. मग काकांनी श्रीखंडाचा डबा घेतला आणि एकदम डबाभर इपॉक्सी कालवलं. हे प्रकरण पसरट भांड्यात शांत असतं, साचून राहिलं की तापतं. डब्यातून धूर निघाला, तळ वाकडा झाला. काकूंनी तो डबा अजून फडताळात ठेवलाय, पुरावा म्हणून.

काकांचा आधार म्हणजे दर्यावर्दी अभिलाष टॉमी. “२०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा आला, तो फायबरच्याच बोटीवर. आराखडा १९८८ च्या आधीचा हवा, असा नियमच आहे!”

“तो पृथ्वीला वळसा घालून आला,” काकू म्हणाल्या. “तुम्ही?”

अखेर चौथ्या उन्हाळ्यात बोट क्रेनने पाण्यात उतरली आणि आम्ही तिघं समोरच्या बेटावरच्या काउजला जाऊन आलो. वारा बेताचा, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, काही मोडलं नाही, काही तुटलं नाही. परतताना काका गप्प होते. बरं नाही की काय, म्हणून काकूंनी आलेपाकाची वडी पुढे केली, तीही नको.

धक्क्याला लागल्यावर त्यांनी सवयीने केबिनची फळी उचलली. तळाशी चमचाभर पाणी होतं. पाणी गोड असेल तर ते पावसाचं किंवा टाकीचं, म्हणजे किरकोळ. खारट असेल तर समुद्र आत येतोय. काकांनी बोट बुडवलं, तीर्थ घ्यावं तसं जिभेला लावलं, डोळे मिटले.

“खारट आहे गं!” ते ओरडले आणि खिशातली वही काढली. “शनिवारी चहाला ये रे!”