सगळं खोटं, फक्त फोन खरा

१९९०चा ‘डाय हार्ड २’ म्हणजे चुका वेचणाऱ्यांचं कुरणच. गोष्ट घडते वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर. पण ब्रूस विलिसचा जॉन मॅक्लेन जिथून बोलतो, त्या सार्वजनिक फोनवर ‘पॅसिफिक बेल’ हे नाव ढळढळीत दिसतं. ती कंपनी देशाच्या दुसऱ्या टोकाची, कॅलिफोर्नियाची!

हाच मॅक्लेन ठणकावून सांगतो की, गुंडांकडे ‘ग्लॉक ७’ हे चिनी मातीचं जर्मन पिस्तूल आहे. ग्लॉक कंपनी ऑस्ट्रियाची, तसलं मॉडेल कधी निघालंच नाही आणि पिस्तुलात धातू भरपूर. बाकी माहिती अचूक. पुढे मालवाहू विमानात त्याच्यावर ग्रेनेडचा सडा पडतो. ते ग्रेनेड मात्र सभ्य. साहेब खुर्चीत बसून, पट्टा आवळून आभाळात उडेपर्यंत थांबतात. तशी उडणारी खुर्ची असल्या विमानात नसते, हा भाग वेगळा.

चाहत्यांचे दोन तट आहेत. एकाच्या मते हे सगळं अक्षम्य, दुसऱ्याच्या मते हीच तर मजा. चित्रपट जास्त वेळा पाहिलाय तो पहिल्या तटाने. चुका काय एका बैठकीत सापडतात?

गंमत म्हणजे ही कथा घेतली वॉल्टर वेजरच्या ‘५८ मिनिट्स’ या कादंबरीवरून. ती घडते न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर आणि तिच्यात मॅक्लेन औषधालाही नाही. म्हणजे नायक उसना, विमानतळ बदललेला. आणि तक्रार कसली, तर फोन परगावचा!