सौजन्य : गुगल

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात खांदेरी होती. थळच्या किनाऱ्यावरून जी रोज फुकट दिसते, तिचा फोटो मग आमच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हवाच झाला. डीटीपीवाल्याने एक झकास फोटो उतरवला आणि खाली टाकलं, 'सौजन्य : गुगल'.

गुगल नावाचे कुणी गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मचव्यातून बेटावर उतरले होते, अशी महाराष्ट्राची पक्की समजूत आहे. 'साभार : इंटरनेट' हे त्यांचे धाकटे बंधू.

फोटो नीट पाहिला. बेट बुटकं, दीपगृहाचा पत्ता नाही. ती उंदेरी होती! शिवरायांनी १६७९ला खांदेरीवर तट बांधायला घेतला, तेव्हा शह म्हणून सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. ती घ्यायला गेलेल्या दौलतखानाच्या मराठा आरमाराला जे साधलं नाही, ते आमच्या डीटीपीवाल्याने एका क्लिकमध्ये केलं. फोटो कुणाचा, कुठला, हे खाली नसलं की असे दिग्विजय होतात.

मग मी विकिमीडिया कॉमन्सवरून खरी खांदेरी काढली. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, 'सीसी बाय-एसए ४.०'. पैसे नाहीत. फक्त फोटो कुणी काढला, कुठून घेतला, परवाना कोणता आणि आपण काय बदललं, एवढं लिहायचं. (इतरत्र सापडलेली, परवान्यात 'एनसी' असलेली चित्रं मी आधीच बाजूला सारली होती. त्यांना व्यापारी वापर चालत नाही, आणि आमच्या स्मरणिकेत बर्फाच्या कारखान्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती.)

पैसे नाहीत म्हटल्यावर समिती खूश. नाव छापायचं म्हटल्यावर खजिनदार सावध झाले. "थळचा आहे का? वर्गणी दिली याने?"

छायाचित्रकाराचं नाव म्हणजे चार अक्षरं आणि पुढे आकडे. त्याने दिलंय तसंच छापायचं, अशी अट. त्याआधी 'श्री.' लावायचं की 'सौ.', यावर बैठक रंगली. "कै. तर नाही ना?" नानांनी हळूच विचारलं. याच स्मरणिकेत 'विशेष सहकार्य' या मथळ्याखाली पानभर नावं होती. त्यातल्या बहुतेकांचं सहकार्य म्हणजे ते बैठकांना आले नाहीत.

अध्यक्षांना आकाश भगवं हवं होतं आणि कोपऱ्यात गोलात स्वतःचा चेहरा. मी म्हटलं, "साहेब, बदल करता येतो, पण तसं छापावं लागेल. शिवाय बदललेलं चित्र याच परवान्याखाली द्यावं लागेल. म्हणजे तुमच्या चेहऱ्यासकट ते कुणीही छापलं, तरी कॉपीराइटची आडकाठी नाही."

अध्यक्ष गंभीर झाले. मला वाटलं, चेहरा वाचला.

"कुणीही?" ते म्हणाले. "परदेशातसुद्धा?"

मोठ्या मिनतवारीने चेहरा आतल्या पानावर, संदेशाशेजारी गेला. आकाश भगवंच राहिलं. मुखपृष्ठाच्या आत छायाचित्रकाराचं सदस्यनाव, त्यापुढे 'विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, आकाशाचा रंग बदलला आहे' आणि चित्राच्या पानाचा पत्ता छापला. दोन ओळी लागल्या. शुभेच्छुकांना तीन पानं लागली होती.

तर किनाऱ्यावर संध्याकाळी मोबाइल उंचावून उभ्या असणाऱ्यांना विनंती : उंदेरीचेही चांगले फोटो कॉमन्सवर चढवा. फक्त सदस्यनाव असं घ्या, की समितीला त्याच्याआधी 'श्री.' लावायचं की 'सौ.', ते कळेल.