विटेवर गाडी चढवणाऱ्या मालकास

मालक,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. गाडीच्या फाळक्यावर ते तुम्ही मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंच आहे, खाली ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. बंपरला ताजी लिंबू-मिरचीही होती. एवढ्या बंदोबस्तात जॅकखाली ठेवायला एक फळी मात्र गाडीत नव्हती.

मोहटादेवी चौकाच्या पुढे तुमचा ड्रायव्हर मागचं पंक्चर चाक काढत होता. हौद्यात माल भरलेला. बॉटल जॅक मधोमध, डिफरन्शियलच्या गोल पोटाखाली. जॅकखाली वीट, विटेखाली पावसाने भुसभुशीत झालेली साइडपट्टी. जॅक इतका आत लावला होता की पोरगा खांद्यापर्यंत गाडीखाली गेला होता. तुम्ही फोनवर होतात, स्पीकर चालू होता: ‘हँडब्रेक ओढलाय ना? गिअरमध्ये आहे ना? मग कुठे जातेय गाडी? उरक लवकर.’ विटेवर युगानुयुगे उभं राहणं आपल्या शेजारच्या छोट्या पंढरपुरातल्या विठ्ठलाला शोभतं. भट्टीतली वीट पिकअपच्या वजनाखाली वाकत नाही, सूचना देत नाही, एकदम फुटते.

तुमचं ते वाक्य मला विटेपेक्षाही जास्त लागलं, कारण कितीतरी पोरं तुमच्यासारख्यांकडून हेच शिकतात आणि त्याच भरवशावर जीव धोक्यात घालतात. पिकअपला इंजिनची ओढ मागच्या चाकांना असते. हँडब्रेकही बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो. मागचं एक चाक उचललं की त्या चाकाचा जमिनीशी संबंध संपला. पकड राहिली एकाच चाकाची. त्यात हँडब्रेकची केबल सैल असली, आणि तुमच्या गाडीची आहे, तर गिअरचाही आधार जातो. दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणं हेच डिफरन्शियलचं काम. जमिनीवरचं चाक पुढे सरकतं, हवेतलं उलटं फिरतं, आणि गिअर कोणालाच अडवत नाही. गाडी बोटभर सरकली तरी जॅक कलंडायला पुरे. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. दगडही चालतील, पण काहीतरी लावलेलं असायलाच पाहिजे. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांपाशी काहीही नव्हतं.

आता जागा. मागचं चाक काढायचं तर जॅक अॅक्सलच्या नळीखाली लावायचा, पाट्याच्या यू बोल्टजवळ, चाकाच्या बाजूला. तिथे लावायला माणसाला आत घुसावं लागत नाही आणि थोडंसं उचललं तरी चाक सुटतं. चासीखाली लावला तर आधी पाटे मोकळे होत जातात. चासी वीतभर वर गेली तरी चाक जमिनीलाच, आणि जॅक मात्र पूर्ण ताणलेला. ताणलेला जॅक पाडायला नटावर मारलेला एक हिसका पुरतो. पाट्याचंच काम असेल तेव्हा वजन चासीवर घ्यावं लागतं, पण तेही चासीच्या सरळ, जाड भागावर आणि घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर. पुढच्या चाकासाठी जॅकची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, ती गाडीच्या पुस्तकात बघूनच ठरवायची. कारला दाराखालच्या कडेला खाच असते, ती सवय पिकअपला लावू नका. फूटस्टेप, केबिनचा पत्रा, डिझेलची टाकी यांपैकी काहीही वजन घ्यायला बनवलेलं नाही. आणि चासीला धरून ब्रेकची नळी जाते. जॅकच्या डोक्याखाली ती चेपली तर चाक बदलून होईल, गाडी निघेल, आणि ब्रेक नगर रोडवर जाईल.

मी वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, मागोमाग सुट्या भागांच्या शेड उभ्या राहिल्या, आणि त्यांत राबणाऱ्यांची वस्ती बजाजनगरात वाढली. शेडमध्ये आम्हाला १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २९ पाठ असायचं: उचलण्याच्या यंत्रावर ते किती वजन पेलेल हे लिहिलेलं हवं, आणि बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासणी. गेटच्या आतला हूक टनाचा आकडा अंगावर घेऊन लटकतो. त्याच गेटवर माल पोचवणाऱ्या तुमच्या जॅकवरचा आकडा गंजाने खाल्लाय आणि सीलमधून तेल झिरपतंय. हायड्रोलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. सील गेली की तो खाली येणारच. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गेटच्या आतल्या माणसाच्या छातीची किंमत बाहेरच्यापेक्षा जास्त आहे, असं कोणत्या कायद्यात वाचलंत?

गाडीत दोन घोड्या ठेवा, चार लाकडी ठोकळे आणि जॅकखाली मावेल अशी जाड फळी ठेवा. सगळं मिळून तुमच्या केबिनमधल्या म्युझिक सिस्टिमएवढाही खर्च नाही. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, हवेत हिसके द्यायचे नाहीत. घोडी येईपर्यंत स्टेपनी चासीखाली आडवी सरकवायची. जॅक सुटला तर चासी टायरवर अडू शकते, पण ती घोडीची जागा घेत नाही. आणि शक्य असेल तेव्हा हौदा रिकामा करूनच गाडी उचलायची, मग उशीर होऊन कारखान्याचं गेट बंद झालं तरी चालेल.

त्या दिवशी शेजारच्या टायरवाल्याने फळी आणि घोडी दिली. पोराला आम्ही बाहेर ओढलं, ठोकळे लावले, जॅक जागेवर घेतला आणि मग चाक बदललं. त्यात वेळ गेला. त्या उशिराचे पैसे तुम्ही त्याच्या पगारातून कापलेत, हे त्याने नंतर सांगितलं. ते पैसे त्याला परत द्या.

आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक आहे, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. जॅक कुठे लावायचा त्याचं चित्र त्यात आहे. ते पान कापून केबिनच्या दाराला आतून चिकटवा, आणि पोराला स्वतः शेजारी बसून समजावून सांगा.

बजाजनगरातला एक निवृत्त फिटर