‘नग’ कसा बसवावा?

रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे सोडवणाऱ्या प्रत्येकावर ‘पर्वत, अक्षरे दोन’ हा प्रसंग कधी ना कधी ओढवतोच. अशा वेळी शेजाऱ्याला फोन करू नये. पुढील विधी क्रमाने करावा.

१. कूळ विचारावे. संस्कृतात ‘गम्’ म्हणजे जाणे आणि समासाच्या शेवटी आलेला ‘ग’ म्हणजे जाणारा. ‘ख’ म्हणजे आकाश, त्यात जातो तो खग. छातीने सरकत जातो तो उरग. आणि जो जातच नाही, तो नग. पर्वत जात नाही, झाडही जात नाही, म्हणून कोशात नगाचे हे दोन्ही अर्थ सापडतात. पाहुण्यांचा समावेश कोशकारांनी का केला नाही, हे विचारत बसू नये.

२. उमेदवार पारखावेत. पर्वताच्या जागेसाठी गिरी, अद्री आणि नग असे तिघे उभे असतात. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये क्यू आणि झेड या दुर्मीळ अक्षरांना प्रत्येकी १० गुण मिळतात. आपल्याकडे हिशेब उलटा. मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळे एकाच घरात कोंबायचे असते. ‘अद्री’ भरला की ‘द्री’ला छेदणारा उभा शब्द शोधावा लागतो आणि कोडे रचणाऱ्याला फार तर ‘दरिद्री’ सुचतो. ‘नग’ मात्र बिनकाना-मात्रेचा. ‘न’वरून नजर, वजन, मन, काहीही जाऊ द्या, ‘ग’वरून गवत, कागद, जग. म्हणून कोपऱ्यात काळ्या घरांनी गाठलेला रचनाकार शेवटी नगालाच शरण जातो. कोपरा दिसला की पेन्सिलीने आधी नग लिहावा. पेन वापरणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन नाही.

३. वंशविस्तार करावा. ‘पार्वती, अक्षरे तीन’ असे आल्यास नगजा, म्हणजे पर्वताची मुलगी. ‘शहर, अक्षरे तीन’ असेल तर नगर. जिथले वाडे नगासारखे उंच ते नगर, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. बिल्डर मंडळींना ती कळवू नये.

४. आकडेमोड जाणावी. जुने ज्योतिषी-गणिती अंकांऐवजी शब्द वापरत. कुलपर्वत सात, म्हणून नग म्हणजे ७. आकाश रिकामे, म्हणून ख म्हणजे ०. हे अंक एककापासून मागे वाचतात, त्यामुळे ‘खनग’ म्हणजे ७०. पासवर्डसाठी उत्तम. विसरल्यास मात्र पंचांगवाल्या गुरुजींना गाठावे लागेल.

५. वादाची तयारी ठेवावी. घरातला दुसरा विद्वान ‘अग’ भरून मोकळा होईल. त्याला खोडू नये, कारण पाणिनी त्याच्या बाजूने आहे. ‘अष्टाध्यायी’च्या सहाव्या अध्यायात अप्राण्यांसाठी नग आणि अग दोन्ही रूपे चालतील अशी सवलत आहे. म्हणून अशा वेळी आडव्या-उभ्या शब्दांकडे बोट दाखवून गप्प बसावे.

६. लोकांना नावे ठेवताना व्याकरण सांभाळावे. ती सवलत अप्राण्यांपुरतीच आहे. प्राण्यासाठी एकटा ‘अग’. तरीही मराठी माणूस दिवसातून चारदा ‘काय नग आहे!’ म्हणतो, आणि तेही भलत्याच चळवळ्या माणसाला. हा दुहेरी गुन्हा झाला: नग हलतो, वर जिवंतही आहे. शुद्धतेच्या आग्रहापोटी एखाद्या काकांना ‘अग’ म्हणून पाहायला हरकत नाही; पुढचे ज्याचे त्याने निस्तरावे. ते जमणार नसेल तर व्याकरणातला निम्मा गुन्हा तरी वाचवावा आणि नग म्हणण्यासाठी जागचा न हलणारा माणूस निवडावा. सकाळपासून दारची बेल, दुधाची पिशवी आणि उतू जाणारा चहा यांपैकी कशानेही न उठलेला, हातात पेन्सिल धरलेला इसम त्या कामी चालेल.