मंचरला जपानी घर

घर बांधताना कोणाचंही ऐकायचं नाही, असं मी ठरवलं होतं. हेच बायको, आई, मिस्त्री, मेव्हणा आणि बांधाशेजारचे अण्णा यांनीही आपापल्या परीनं ठरवलेलं होतं.

भाचा योकोहामाला नोकरीला आहे. त्यानं पाठवलेले तिथल्या घरांचे फोटो बघून मी जाहीर केलं, की मंचर-घोडेगाव रस्त्यालगतच्या आमच्या मळ्यात जपानी घर उभं राहणार. सरकते दरवाजे, जमिनीलगत बैठक, भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. तयारी म्हणून पुण्याला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन आलो. ओकायामाच्या बागेवरून केलेलं उद्यान ते. तळ्याकाठी चिंतनमग्न चेहऱ्यानं फोटो काढून घेतला आणि तो शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. निवृत्त मुख्याध्यापकालाही सौंदर्यदृष्टी असते, हे तालुक्याला कळायला नको?

मिस्त्रींनी नकाशा पाहिला. "गुरुजी, ह्या खोलीला भिंत कुठंय?"

"कागदाची आहे. लाकडी चौकटीत कागद. उजेड छान झिरपतो."

मिस्त्री तंबाखू मळत राहिले. चुना लावून झाल्यावर म्हणाले, "आन् हे बिबट्याला कोण सांगणार?"

आता बिबट्याचा विषय निघालाच आहे, तर तो आवरता येणार नाही. जुन्नर-आंबेगावात कोणालाच येत नाही. लग्नाची बैठक असो की दहावा, तिसऱ्या वाक्याला बिबट्या हजर. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालव्याला पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या. वर्षभर उभा राहणारा ऊस म्हणजे त्याला बिनभाड्याची जागा. मादी तिथंच विते, तोडणीला कोयता लागला की पिल्लं सापडतात, मग वन खात्याची माणसं क्रेटमध्ये पिल्लं घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथं ते जाळीच्या आत, इथं आम्ही. त्यामुळे आमच्याकडे नवं घर बघायला आलेला पाहुणा फरशीकडे बघत नाही, कुंपण बघतो. एक म्हणतो सहा फूट पुरे. दुसरा म्हणतो, सहा फूट उडी तो तोंडात कुत्रं धरून मारतो. तिसरा रात्रभर रेडिओ चालू ठेवायला सांगतो. आमच्या मेव्हण्यानं तर कोणत्या स्टेशनला बिबट्या घाबरतो तेही सांगितलं. ज्या घरातलं लेकरू गेलं, तिथं बसून मात्र यातलं एक वाक्यही उच्चारवत नाही. आणि रात्रीची वीज आली म्हणून बॅटरी घेऊन एकटाच उसात दारं धरायला निघालेल्या पोराला कुंपणाची उंची सांगून काय उपयोग? त्याला दिवसा वीज द्या, एवढंच म्हणणं आहे, आणि ते म्हणता म्हणता लोकांचे घसे बसले.

तर कागदाची भिंत नऊ इंची विटांची झाली. खिडक्यांना ग्रिल आलं. सरकता दरवाजा एकच उरला, रिकाम्या खोलीचा. रिकामी खोली हा माझ्या जपानचा गाभा होता. तिच्यात काहीही ठेवायचं नाही, नुसतं बसायचं. बायकोनं एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हवेशीर आहे. भाव येईपर्यंत कांदा राहील." तेव्हापासून माझ्या चिंतनाच्या जागेत कांदा आहे, त्याची टरफलं दरवाज्याच्या खाचेत आहेत आणि दरवाजा निम्म्यात अडकून आहे.

तातामी नावाची जपानी चटई असते, आत भाताचा पेंढा दाबून भरतात, हे आईला कौतुकानं सांगितलं. आई भाताच्या मुलखातली. "पेंढ्यावरच निजायचं तर गोठा काय वाईट होता?"

ती मूळ आंबेगावची. तालुक्याला नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला आणि आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात. तिला एकदा जपानातल्या इसेच्या देवळाची गोष्ट सांगितली. दर 20 वर्षांनी ते शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात. 2013 मध्ये बांधलं, पुढचं 2033 मध्ये.

"आन् जुनं?"

"उतरवतात. लाकूड दुसऱ्या देवळांना देतात."

"म्हंजे गाव न्हाई उठवत," ती म्हणाली. "मग बरंय."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. गाव उठलं तेव्हा वडिलांनी घराचे वासे, तुळया आणि दाराची सागवानी चौकट ट्रकात घालून आणली होती. वासे गोठ्याला लागले, तुळया कुठं कुठं गेल्या. चौकट तेवढी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या वरच्या पट्टीवर मधोमध कोरलेला गणपती आहे. हळदी-कुंकवाच्या थरांनी त्याची सोंड केव्हाच सपाट झाली आहे. नव्या घराला दार हेच लागणार, असं आईनं मिस्त्रींना परस्पर सांगितलं. मिस्त्रींनी मला विचारलंसुद्धा नाही, आणि विचारलं असतं तरी मी नाही म्हणालो नसतो.

अडचण एवढीच, की चौकट ठेंगणी आहे. येणाऱ्या प्रत्येकाचं कपाळ आपटतं. त्यातून मी माझा जपान वाचवला. कपाळ चोळणाऱ्या पाहुण्याला मी थांबवून सांगतो, की जपानात चहाच्या खास खोलीचं दार मुद्दाम असंच ठेवतात. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवायची आणि वाकून आत शिरायचं, अहंकार उंबऱ्याबाहेर! पाहुणा भारावतो. कपाळाचं टेंगूळ त्याला सांस्कृतिक वाटू लागतं.

तेवढ्यात ओट्यावरून आईचा आवाज येतो, "जपान न्हाई आन् काय न्हाई. ह्याच्या आज्याला लाकूड कमी पडलं व्हतं."