बँडात गेलेला

मुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलगा बिघडण्याचे जे सर्वमान्य मार्ग आहेत, त्यांत नाटक, क्रिकेट आणि सिनेमा यांची नोंद फार पूर्वीच झालेली असल्यामुळे, त्या वाटेने जाणाऱ्या चिरंजीवांविषयी चाळीत फारशी खळबळ उडत नसे. परंतु मॅट्रिकला संस्कृतात उत्तम गुण मिळवून पाद्र्यांच्या कॉलेजात दाखल झालेला, पुढेमागे सचिवालयात मोठ्या खुर्चीवर बसेल अशी ज्याच्याविषयी वडिलांची खात्री आणि शेजाऱ्यांची भीती असे, तो मुलगा दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या जॅझ बँडात गेला म्हणजे, एरवी "अमक्याने संन्यास घेतला" या वार्तेसाठी राखून ठेवलेल्या स्वरात ही बातमी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. आजीला बँड ठाऊक तो वरातीचा. लाल डगला, खांद्यावर जरीच्या झालरी आणि डोक्यावर गॅसबत्ती घेतलेल्या बायांची रांग एवढे चित्र डोळ्यांपुढे उभे करून ती एकच व्यावहारिक प्रश्न विचारी: "वरातीमागे मिळतं काय रे?" पुढे नातवाच्या तोंडी उठता-बसता कोणी ड्यूक आणि कोणी काउंट येऊ लागल्यावर मात्र पोरगा सरदार-जहागीरदारांत वावरतो आहे असा तिचा समज झाला आणि तिचा विरोध बराचसा निवळला.

हे 1955 च्या पुढेमागे. मिशनऱ्यांची जुनी कॉलेजे मुंबईत मुख्यतः दोन. चौपाटीवर स्कॉटिश मिशनचे विल्सन, 1832 सालचे, आणि धोबीतलावाच्या अंगाला जेझुइट पाद्र्यांचे सेंट झेवियर्स, 1869 सालचे. माझा नायक यांपैकी कोणत्याही आवारात सापडे. पण त्याचे बीज रुजायला धोबीतलावची हवा अधिक मानवे, कारण तेथे गावागावांच्या नावाने चालणारे गोवेकरांचे कुड, वाद्यांची दुकाने, इराण्यांची हॉटेले आणि बगलेत व्हायोलिनची पेटी मारून लगबगीने चाललेली माणसे यांचा इतका सुकाळ, की नुसते ट्रामची वाट पाहत उभे राहिले तरी थोडेसे पाश्चात्त्य संगीत अंगाला लागावे. 1935 साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. त्या मंडळींचे पाहून आणि ऐकून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचलला. आणि 1949 च्या दारूबंदीच्या कायद्याने हॉटेलांच्या रात्री ओस पडू लागल्यावर त्यांतल्या पुष्कळांनी आपला मोर्चा सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळविला. चिक चॉकलेट, म्हणजे मूळचे आंतोनियो झेवियर वाझ, हे त्यांतलेच. वडील फारच तापले की चिरंजीव हे नाव ढालीसारखे पुढे करीत. "अण्णा, 'अलबेला'तली चितळकरांची गाणी तुम्ही दाढी करताना गुणगुणता ना? त्यात ट्रंपेट कोणाचा आहे, माहीत आहे?" वडिलांनी साबणाचा फेस गालावर वाळू देऊन काही काळ विचार केला, आणि प्रकरण पुढील सुनावणीपर्यंत तहकूब ठेवले.

बँडात रुजू होण्याचा विधी सरकारी खात्याहून निराळा नव्हता. अर्ज, चौकशी, परीक्षा, आणि अखेर ज्या जागेसाठी अर्ज केला ती सोडून भलत्याच जागेवर नेमणूक! आमच्या नायकाला हवा होता सॅक्सोफोन, कारण सिनेमात जिच्याकडे सर्वांचे डोळे लागतात ती नर्तिका त्याच वाद्याच्या सुरावर डोलते हे त्याने पाहून ठेवले होते. परंतु सॅक्सोफोनची किंमत वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. उलट बँडातला डबल बेसवाला नुकताच बी.ए. होऊन कारकुनीस लागल्यामुळे त्याचे ते पुरुषभर उंचीचे वाद्य कोपऱ्यात बेवारस उभे होते. बँडचा पुढारी हा गोव्याचा एक किरकोळ अंगाचा, विलक्षण गंभीर मुलगा असे. त्याने उमेदवाराची बोटे न्याहाळली, "पेटी वाजवतोस? मग कान आहे," असा शेरा मारला आणि ते अवजड वाद्य त्याच्या गळ्यात मारून टाकले.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात सरावासाठी हे वाद्य घरी न्यायचे ठरले, तेव्हा ट्रामच्या कंडक्टरने त्याचे वेगळे तिकीट मागितले. गिरगावात पोहोचल्यावर चाळीच्या जिन्याच्या वळणावर ते असे काही अडकले की वरची मंडळी वर आणि खालची खाली राहिली. कोणाकडे कपाट आले म्हणून मदतीस धावलेल्या चौघांनी ते उभे, आडवे, तिरपे करून तिसऱ्या मजल्यावर नेले, आणि आत काही नाही, नुसती पोकळी आहे, हे कळल्यावर आपण फसविले गेलो अशा मुद्रेने ते परतले. रात्री सराव सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या पेन्शनर गृहस्थांनी छताला काठी लावून पाहिली, आणि ती काठी लयीत पडत असल्याचे पाहून चिरंजीवांना प्रोत्साहनच मिळाले.

खरी गंमत याच्याही पुढे आहे. हा मुलगा घरच्या संगीतापासून पळाला होता तो लेहऱ्याला कंटाळून. त्याच्या काकांना तबल्याचा नाद. दर रविवारी सकाळी काका कायदे, रेले, तुकडे यांचा मनसोक्त विस्तार करीत, आणि पुतण्याने पेटीवर तीनतालाच्या सोळा मात्रांची तीच ती सुरावट, न थांबता, न थकता, न सजवता वाजवीत बसायचे. काका सुटतील तेथे सुटायचे आणि समेवर येतील तेव्हा पुतण्या जागच्या जागी सापडायचा. या दास्यातून मुक्ती मिळावी, प्रत्येकाला आपापल्या प्रतिभेप्रमाणे उड्डाण करण्याची ज्यात मुभा आहे असे काही करावे, म्हणून तो जॅझकडे वळला. आणि जॅझने त्याला काय दिले? बत्तीस मापांचे आवर्तन, प्रत्येक मापात चार मात्रा, आणि प्रत्येक मात्रेला एक टुंग! ट्रंपेटवाला उड्डाण करून येई, सॅक्सोफोनवाला दोनदोन आवर्तने विहार करून येई, पियानोवाला डोळे मिटून कोठेतरी जाऊन येई. हा आपला ठाण्यावरच्या हवालदारासारखा जागेवर उभा, सगळ्यांच्या परतीची वाट पाहत. त्यातून एक निराळेच संकट उपटले. आमच्याकडे टाळी समेवर. जॅझमध्ये ठोका पडतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. नायकाचा पाय पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्काराने पहिल्या मात्रेवर आपटे आणि पुढारी काठी आपटून ओरडे, "क्या मॅन, भजन करता है क्या? टू ॲन्ड फोर! टू ॲन्ड फोर!" अखेर त्याने पायातली चप्पल काढून ठेवली, म्हणजे चुकला तरी आवाज तरी होऊ नये.

त्याच्या कीर्तीचा दिवस एकच, पण तो मात्र नि:संशय त्याचा होता. पाश्चात्त्य स्वरलेखन त्याला शेवटपर्यंत वाचता आले नाही. आपल्या हिश्शाच्या कागदावर त्या काळ्या ठिपक्यांखाली तो शाईने देवनागरीत सा, ग, प, ध असे लिहून ठेवी आणि कोमल स्वराखाली भातखंड्यांच्या पद्धतीने आडवी रेघ ओढी. या कागदाची बँडात यथेच्छ टवाळी झाली होती. कॉलेजच्या सोशलच्या संध्याकाळी, पहिल्या रांगेत फादर प्रिन्सिपॉल येऊन स्थानापन्न झालेले असताना, गाणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि ई-फ्लॅटमधले गाणे सीमध्ये उतरवा म्हणून तिने हट्ट धरला. गोव्याच्या पॅरिश शाळांत पोर्तुगीज शिस्तीने शिकलेल्यांचा 'दो' एकदा जेथे बसविला तेथून हलत नसतो. त्यामुळे कागदावरचा प्रत्येक ठिपका मनातल्या मनात खाली ढकलताना ट्रंपेटवाल्यांच्या कपाळाला घाम फुटला, पियानोवाला काहीतरी कोंकणीत पुटपुटला, आणि स्वतः पुढारी पेन्सिल शोधू लागला. आमच्या नायकाने मात्र शांतपणे विचारले, "म्हणजे काळी दोनऐवजी पांढरी एक, एवढंच ना?" ज्याचा षड्ज गळा नेईल तेथे जातो त्याला कागद बदलावा लागत नाही. त्या रात्री पहिल्या आवर्तनात निम्मा बँड चाचपडत असताना केवळ डबल बेस तेवढा धडधडीत बरोबर वाजत होता, आणि फादरसाहेबांनी नंतर त्याचाच हात हातात घेऊन अभिनंदन केले. ते अभिनंदन संगीतातल्या जाणकारीने होते, की सबंध गाण्यात ज्याने मुलीकडे एकदाही पाहिले नाही असा बँडात हाच एक दिसल्यामुळे, हे सांगणे कठीण. तो कागदात पाहत होता.

त्यानंतर त्याच्या विद्वत्तेला बहर आला. रात्री उशिरा लघुलहरींच्या खरखरीतून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरचा विलिस कोनोव्हरचा संथ, घनगंभीर आवाज ऐकावा, आणि दुसऱ्या दिवशी इराण्याकडे एका चहावर तासभर त्याचे निरूपण करावे. 1958 साली डेव्ह ब्रूबेक मुंबईस येऊन वाजवून गेला, तेव्हापासून तर त्याचा उल्लेख घरच्या माणसासारखा होऊ लागला. पुढच्याच वर्षी ब्रूबेकच्या मंडळींनी पाच मात्रांचे 'टेक फाइव्ह' काढले आणि सगळे जग चकित झाले. आमचे गृहस्थ तेवढे चकित झाले नाहीत. "अर्धा झपताल," ते म्हणाले, "तोही उलटा. आपण दोन-तीन म्हणतो, ते तीन-दोन म्हणतात." आणि बनमस्क्याचा तुकडा चहात बुडविला.

बी.ए. झाल्यावर तोही यथाक्रम एका विम्याच्या कचेरीत रुजू झाला, आणि डबल बेस पुन्हा कोपऱ्यात पुढच्या उमेदवाराची वाट पाहू लागला. कचेरीत तो नेमस्त, वक्तशीर, फायलींत चोख. साहेब कितीही भरकटले तरी हा जागेवर सापडतो असा त्याचा लौकिक. लग्न झाले, मुंज झालेला मुलगा आहे. काका अजून रविवारी तबला काढतात आणि पेटीवर तो मुलगा बसतो. फक्त भाद्रपदात, गणपतीच्या आरतीच्या वेळी, चाळीतली जुनी मंडळी त्याच्यावर नजर ठेवून असतात. सगळ्यांची टाळी एकीकडे आणि याची नेमकी मधल्या रिकाम्या जागेत पडू लागली की दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी चाळ याच्या बाजूने फितते आणि आरतीचे दोन तट पडतात. म्हणून त्याच्या हाती झांज द्यायची नाही, आरतीचे तबक द्यायचे, असा ठरावच झालेला आहे.