लोगोचे नखरे बारा महिने

कानावर आलंय ते खरं असेल तर दिवस फारच वाईट आलेत हो! आसनगाव स्टेशनापासून मुरबाडच्या एसटी स्टँडपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय: शाळांचे लोगो नटायला लागलेत. नवरी नटते, पोळ्याला बैल नटतात, ते आपण समजू शकतो. पण शाळेचा लोगो? उघडं पुस्तक, मागे उगवता सूर्य, शेजारी ज्योत आणि खाली अध्यक्षांनाही धड वाचता न येणारं संस्कृत ब्रीदवाक्य, असा तो सोवळ्यातला गृहस्थ. त्यानंही पावडर लावावी?

लावतो तर! जूनमध्ये शाळा भरली रे भरली की फेसबुक-इन्स्टावरच्या त्या सूर्यावर छत्री उघडते. आषाढीला पुस्तकाला गंध लागतं, पंधरा ऑगस्टला तिरंगा चढतो, गणपतीत ज्योतीची सोंड होते. नवरात्रात तर विचारूच नका. नऊ दिवसांचे नऊ रंग म्हणजे नऊ लोगो! राखाडी रंगाच्या दिवशी म्हणे काही पालकांनी गंभीर होऊन ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली. दिवाळीत मूळच्या ज्योतीशेजारी आणखी दोन पणत्या, आणि नाताळात पुस्तकाच्या टाळक्यावर लाल टोपी. मोदकवाल्या डीपीवरून आलेला ‘थकीत रक्कम त्वरित भरावी’ हा मेसेज मिठाईवाल्याचा समजून एका बापानं डिलीट केला, अशीही वदंता आहे. वदंता बापाच्या सोयीची आहे, एवढंच आपण म्हणू.

आणि हे सगळं करतं कोण? चित्रकलेचे सर, नाहीतर नुकत्याच लागलेल्या मॅडम. मतदार याद्या, खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं यांतून वेळ उरलाच, तर रात्री मोबाइलवर कॅनव्हा उघडायचं. वरून साहेबांचा फोन: “शेजारच्या शाळेचा लोगो बदलला, आपला कधी?” झाली ना स्पर्धा सुरू!

आता दोष एकट्या शाळांना कशाला द्या? नाद लावला थोरामोठ्यांनी. गूगलनं 1998मध्ये आपल्या नावाच्या अक्षरांशी खेळ मांडला तो आजतागायत आवरलेला नाही. 3 जानेवारी 2017 रोजी तिथं चक्क सावित्रीबाई फुले आल्या, तेव्हा आपल्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं का बोला. 2022च्या ऑगस्टमध्ये तर डीपीला तिरंगा लावा म्हणून खुद्द पंतप्रधानांनीच सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्या वेळी क्रिकेट मंडळानं हौसेनं तिरंगा लावला आणि ‘एक्स’वरची ओळखीची खूण काही काळ गमावून बसलं, कारण फोटो बदलला की खातं पुन्हा तपासायचं हा तिथला नियम. एवढ्या मोठ्या मंडळाची ही गत, तर टोकावड्याकडच्या शाळेला फोटोवरून कोण ओळखणार?

त्यातली मेख अशी की गूगलचं नाव पाठ नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही, म्हणून त्याला रूप बदलणं परवडतं. आपल्या शाळेचा लोगो मोबाइलवर दिसतो नखाएवढ्या गोलात. त्यात कंदील, रांगोळी, लक्ष्मीची पावलं आणि ‘शुभेच्छुक’ एवढं कोंबल्यावर शाळेचं नाव उरतं कुठं? पुस्तक आणि नाव जागच्या जागी ठेवा, एकच वस्तू बदला आणि सण सरला की ती उतरवा, इतकं साधं आहे. पण उतरवायचं लक्षात कुणाच्या राहतं? पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, बैलबाजार रंगतो, लोक घोंगड्या खरेदी करून घरी येतात, तरी लोगोवरचा आकाशकंदील आपला लोंबतोच आहे.

आणि ऋतू तरी कुणाचे? तयार नमुन्यांत हिवाळा म्हणजे बर्फ. म्हणून माळशेजच्या पायथ्याशी डीपीवर हिमवर्षाव! अहो, आमच्याकडचे ऋतू निराळे. वळवाच्या सरी पडल्या की शेवळं येतात, काकडं घालून शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते. जुलैत लावणी लागली की मागची दोन बाकं रिकामी. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांची मुलं हजेरीपटावर नावापुरती उरतात. यातलं काही कधी लोगोवर पाहिलंत? शेवळाचा लोगो करणाऱ्या सरांचा मी भर बाजारात सत्कार करीन.

मुरबाड तालुक्यातल्याच फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर अडकवून पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या आणि त्यांचे फोटो जगभर गेले. त्या फोटोंना ना छत्री लागली, ना लाल टोपी. गुलाबी लुगडं दिसलं की शाळा ओळखू येते. नावासाठी डीपी बदलत बसलेल्यांनी जरा फांगण्याला जाऊन यावं.

तरी हौस फिटली नसेल तर मे महिना आहेच. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर. तेव्हा सूर्याला गॉगल घालण्यापेक्षा पुस्तकाशेजारी एक टँकर उभा करा, मागे हंड्यांची रांग लावा. लाइक कमी पडतील, पण हा लोगो कुठल्या तालुक्यातला, असं कुणी विचारणार नाही.